मदरबोर्ड बदलायला निघालो होतो, बेळगाव शहापूरच्या या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानामुळं वाचलो

कॉम्प्युटरचा आवाज गेला म्हणून इथं आले होते, त्याचा अनुभव लिहिते. जरा लांब झालंय खरं कामाचं आहे.

आमचं घर वडगावात, जुनं कौलारू, दोन घरं सोडून कापड विणायचे माग चालतात. कॉम्प्युटर घरात सगळ्यात जास्त वापरतात ते आप्पा. रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी कुमार गंधर्व लावून बसतात, कुमारजी १९२४ साली आपल्या सुळेभावीत जन्मलेले म्हणून आप्पांना ते घरचेच वाटतात. दिवाळीत जुना मॉनिटर काढून नवीन घेतला आणि त्याच दिवसापासून स्पीकर गप्प. वायरी काढून घातल्या, रिस्टार्ट केलं, ड्रायव्हर काढून परत टाकला, काय उपयोग नाही. गावातल्याच दुसऱ्या एका दुकानात सीपीयू नेला तर त्यांनी झाकण पण न उघडता सांगितलं की साउंडची चिप गेली, मदरबोर्ड म्हणजे आतला मुख्य बोर्डच बदलायला लागणार, आणि आकडा ऐकून आप्पा म्हणाले राहू दे, मी रेडिओ ऐकतो. मला फार वाईट वाटलं.

मग मैत्रिणीनं हे दुकान सांगितलं. दुकानाची पाटी कन्नडमध्ये आहे खरं आत मराठी चालते, निवांत बोला. त्यांनी सीपीयू त्यांच्या मॉनिटरला आणि त्यांच्या स्पीकरला लावला आणि लगेच खणखणीत आवाज! म्हणाले, "ताई, बोर्डला कायबी झालं नाही ओ. नवीन मॉनिटर एचडीएमआयवर जोडलासा काय?" होय म्हटल्यावर त्यांनी समजावलं की एचडीएमआयच्या वायरीतून चित्राबरोबर आवाज पण जातो, विंडोजला वाटतं मॉनिटरमधूनच वाजवायचं, आणि आमच्या मॉनिटरला तर स्पीकरच नाहीत, म्हणजे आवाज जात होता खरं ऐकू येत नव्हता. घरी गेल्यावर फोन लावा म्हणाले. लावला. आमचं विंडोज १०, खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून वर मॉनिटरचं नाव दिसतं त्याच्या बाणावर जायचं आणि रिअलटेकवालं, म्हणजे सीपीयूतल्या साउंडच्या चिपचं, नाव निवडायचं, बस. दोन मिनिटांचं काम. आणि चिप खरंच गेली असती तरी यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड काहीशे रुपयांत मिळतं, त्यासाठी कोण बोर्ड बदलत नाही, हे पण त्यांनीच सांगितलं.

आवाज आला. खरं खरी गोष्ट इथनं पुढं आहे. त्या संध्याकाळी आप्पा पाच मिनिटं ऐकून म्हणाले, "तानपुऱ्याच्या खाली दुसरंच कोण तरी सूर धरून बसलंय." कान लावला तर बारीक घूंऽऽ, गाणं बंद केलं तरी चालूच. मला वाटलं मागांच्या लाइनमुळं असेल, खरं रात्री माग बंद झाल्यावर पण तसंच.

परत फोन केला तर ते स्वतः घरी आले, आणि त्यांनी ते ज्या पद्धतीनं शोधलं ते बघण्यासारखं होतं. आधी स्पीकरची पिन सीपीयूतून काढली, घूं बंद. म्हणजे स्पीकर चांगले. तीच पिन त्यांच्या मोबाईलला लावली, एकदम स्वच्छ. मग विचारलं, "काका, सीपीयूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात काय?" आप्पा म्हणाले येतात की, कित्येक वर्षं येतात! टेस्टर लावला तर डब्यावर लाइट लागला. मग लांब वायर ओढून सीपीयू स्वयंपाकघरात फ्रिजच्या सॉकेटवर घेतला, तिथलं वायरिंग नवीन आहे, आणि घूं गायब. खोलीतल्या सॉकेटला तिसरं भोक नुसतं नावाला होतं, मागं अर्थिंगची वायरच नव्हती. पॉवर सप्लायमधून थोडा करंट सीपीयूच्या डब्यावर गळतोच, तो जमिनीत जायचा, वाट मिळाली नाही की स्पीकरच्या वायरीतून वाट काढतो आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळं तोच सूर ऐकू येतो. आप्पांनी ते दोनदा समजून घेतलं.

अर्थिंगचं काम आमचं नाही, इलेक्ट्रिशियन बोलवा म्हणाले, आणि दोष शोधून दिला त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, फक्त घरी यायचे तीनशे. इलेक्ट्रिशियननं परड्यात खड्डा काढून कोळसा मीठ घालून अर्थिंग केलं, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा म्हणून बजावलं. आता झिणझिण्या नाहीत आणि घूं पण नाही. जुन्या घरात राहणाऱ्यांनी हे एकदा तपासून घ्याच, आवाजाचं सोडा, जिवाचा प्रश्न आहे.

कमी काय आहे ते पण सांगते. फोन तीन वेळा लावल्यावर उचलतात. गुरुवारी येतो म्हणून शनिवारी आले. गल्लीत गाडी लावायला जागा नाही. आमच्या सीपीयूचा पुढचा हेडफोनचा जॅक खरखरतो तो अजून झालेला नाही, पार्ट आला की सांगतो म्हणालेत, तोवर मागच्या हिरव्या जॅकमध्ये पिन घाला म्हणाले, तिथं व्यवस्थित वाजतंय.

पाचपैकी साडेचार देते. जाणार असाल तर सकाळी अकरानंतर जा आणि सीपीयूबरोबर घरचे स्पीकर, वायरी सगळं घेऊन जा, मी नुसता सीपीयू नेला होता.