लाइव्ह तास की आधी व्हिडिओ, मग वर्ग?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021 च्या टिपणात प्रत्येक विषयाचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना होती. तो भाग कसा वापरायचा, हा खरा प्रश्न.

लाइव्ह तासाची तयारी सोपी आणि शंका तिथल्या तिथे विचारता येते. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांत रेंज गेली की तास बुडाला. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला मोबाइल धरून बसणार कोण?

व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर उतरवून घेता येतो, रात्री जेवणं झाल्यावर पाहता येतो. प्रमाण विचलनाचं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते मोजण्याचं, सूत्र दहा मिनिटांत सांगून होतं. मग वर्गात रावेरच्या केळीच्या घडांची वजनं द्या आणि आकडेमोड करायला लावा. बरीच मुलं सरासरीपासूनच्या ऋण फरकाचा वर्गही (स्क्वेअर) ऋणच लिहितात. ही चूक वहीवर वाकून पाहिल्याशिवाय सापडत नाही, आणि तेवढ्यासाठीच शिक्षक समोर हवा.

मेहनत मात्र दुप्पट. शिवाय व्हिडिओखाली दोन-तीन प्रश्न हवेतच, नाहीतर मुलं न पाहताच येतात.

माझं मत व्हिडिओच्या बाजूने. लाइव्ह तास परीक्षेआधीच्या शंकांसाठी ठेवावा, तोही संध्याकाळी.