रुपयाच्या नाण्याएवढा झुपका: डुकराच्या केसांचा छोटा दाढीचा ब्रश घेताना

दुकानात दाढीचा ब्रश हातात आला की बहुतेक गिऱ्हाइकं कोरडे केस गालावर फिरवून बघतात आणि टोचले की ब्रश परत ठेवतात. डुकराच्या केसांच्या ब्रशला ही परीक्षा लावण्यात अर्थ नाही. नवा आणि कोरडा असताना तो टोचणारच. उलट पहिल्याच दिवशी रेशमासारखा लागणारा ‘ब्रिसल’ ब्रश बहुधा कृत्रिम धाग्याचा निघतो. आणि हो, पाकिटावर ‘प्युअर ब्रिसल’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ डुकराचे केस. श्रद्धेमुळे किंवा शाकाहारामुळे ते चालत नसतील तर सरळ सिंथेटिक घ्यावा, हल्ली त्यातही चांगले मिळतात.

मऊपणा बघण्यापेक्षा खिशात एक रुपयाचं आणि दहा रुपयांचं नाणं ठेवा. केस मुठीतून जिथे बाहेर येतात तिथली रुंदी महत्त्वाची. वरचा फुललेला भाग फसवतो, तो मोजू नये. 2011 पासूनचं रुपयाचं नाणं, मालिकेप्रमाणे, 20 ते 22 मिलिमीटरचं असतं. छोट्या ब्रशचा झुपका बुडाशी एवढाच हवा. दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं. त्या मापाचे ब्रश सलूनवाल्यांच्या कामाचे. फरक सहा मिलिमीटरचाच दिसतो, पण क्षेत्रफळाच्या हिशेबात 27 च्या झुपक्यात 21 च्या दीडपटीहून जास्त केस मावतात आणि ते त्याच प्रमाणात साबण व पाणी पोटात ठेवतात. एका माणसाच्या एका दाढीला एवढा फेस लागत नाही, उरलेला बेसिनमध्ये जातो.

दुसरं माप मुठीच्या वर दिसणाऱ्या केसांच्या लांबीचं. 21 च्या झुपक्याला 48 ते 52 मिलिमीटर लांबी जमून येते. 45 च्या खाली गेलात तर ब्रश खुंटासारखा वागतो, गालावर दाबला तरी उमलत नाही आणि हनुवटीखाली ओरखडतो. 57-58 च्या वर गेलात तर तेवढेच केस मधोमध वाकतात आणि घट्ट साबणाच्या वडीवर ब्रश नुसता लोळतो. शाळेची पट्टी पुरते, ऑनलाइन घेताना ही दोन मापं दिलेली नसतील तर तो ब्रश सोडून द्यावा.

या मापात पोर्तुगालच्या सेमोग कंपनीचे 610 आणि 620 बसतात, दोन्ही 21 चा झुपका आणि 50 ची लांबी याच्या आसपासचे. इटलीतल्या बोलोन्याची ओमेगा कंपनी 1931 पासूनची. तिचा गाजलेला ‘प्रोफेशनल 48’ मात्र साधारण 65 मिलिमीटर केसांचा, म्हणजे मोठा ब्रश. नाव ऐकून तोच मागवणारे आणि मग ‘नाकाखाली मावत नाही’ म्हणणारे पुष्कळ. 48 मध्ये खोट काही नाही, वाटीत फेस करणाऱ्याला तोच बरा. छोट्या ब्रशने वाटीत फेस करायला गेलात तर बोटांची पेरं वाटीच्या काठाला घासतात. छोटा ब्रश थेट चेहऱ्यावर फेस करणाऱ्यासाठी. कानाजवळची कल्लीची रेघ, ओठांच्या वरची जागा, जबड्याचा कोपरा हे सगळं तो मोठ्यापेक्षा नेमकं धरतो.

आता केसाकडे जवळून बघा. चार-पाच केस चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात न्या. चांगल्या केसाचं टोक फिकट आणि निमुळतं असतं, आणि त्याला दोन-तीन बारीक फाटे फुटलेले दिसतात. मऊपणा या फाट्यांतूनच येतो. वापरागणिक ते आणखी चिरत जातात आणि टोकं मखमली होतात, खालचा दांडा मात्र ताठच राहतो. टोक कात्रीने सपाट कापल्यासारखं दिसलं तर आकार देताना केस वरून छाटलेले आहेत. असा ब्रश वर्षभर घासला तरी टोचायचा थांबणार नाही. शे-दीडशेच्या ब्रशांत ही लबाडी सर्रास दिसते. काही ब्रशांवर बॅजर या प्राण्याच्या केसांसारखा दिसावा म्हणून काळा पट्टा रंगवलेला असतो, तो पहिल्या दोन-चार धुण्यांत पाण्यात उतरतो. त्याने अपाय नाही, पण पट्ट्याचे जादा पैसे देऊ नयेत.

मग अंगठ्यांनी झुपका मधोमध फाका. बुडाशी पोकळ खळगा दिसला तर केस कडेने लावून मध्य रिकामा सोडला आहे. शेवटी मूठ टेबलावर हलकी आपटा. आत खुळखुळ वाजलं तर झुपका एक ना एक दिवस बुचासारखा निघणार. निघालाच तर फेकू नका. दोन्ही बाजू पूर्ण वाळवून अ‍ॅराल्डाइट लावा आणि चोवीस तास उभा ठेवा, पक्का बसतो.

नव्या ब्रशला डुकराचा वास येतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. शाम्पूचे दोन थेंब घेऊन तळहातावर फेस करा, धुवा, मग दाढीच्या साबणाचा फेस करून तो तसाच रात्रभर ब्रशमध्ये राहू द्या. तीन-चार वेळा हे केलं की वास जातो. पहिले पंधरा-वीस दिवस नवा ब्रश फेस पितो. हातावर उत्तम जमलेला फेस गालावर जाईपर्यंत बसतो, आणि लोक साबणाला दोष देतात. साबण जास्त घ्या, एवढाच इलाज. दाढी नसेल त्या दिवशीही तळहातावर एकदा फेस करून धुतला तर ब्रश लवकर खुलतो.

डुकराचा केस पाणी शोषून घेतो, त्यामुळे तो न भिजवता वापरणं ही सगळ्यात मोठी चूक. पेल्यात कोमट पाणी घ्या आणि ब्रश तीन-चार मिनिटं केसांपुरता बुडवा. मूठ लाकडाची असेल तर ती पाण्याबाहेरच राहिली पाहिजे, नाहीतर लाख सुटते आणि लाकूड तडकतं. उकळतं पाणी तर नकोच, त्याने केस ठिसूळ होतात आणि गोंद सैल पडतो. भिजलेला ब्रश दोनदा झटका, पिळू नका. वडीवर हलक्या हाताने 25-30 सेकंद फिरवा, क्रीम असेल तर बदामाएवढी पुरे. मग चेहऱ्यावर गोल फिरवत टोकं तीन-चार वेळा पाण्यात नुसती टेकवत जा. फेस दह्यासारखा दाट आणि चकचकीत झाला की थांबा. बुडबुडे दिसत असतील तर पाणी जास्त झालं. पांढरा, कोरडा लेप दिसत असेल तर पाणी कमी पडलं.

केस गळू लागले तर आधी गळलेला केस बघावा. पूर्ण लांबीचा असेल तर दोष गोंदाचा. पहिल्या आठवड्यात पाच-दहा गळणं चालतं, पण महिन्यानंतरही रोज गालाला चिकटत असतील तर ब्रश दुकानदाराला परत करा. अर्ध्यातच तुटलेले तुकडे निघत असतील तर ब्रश वडीवर मुसळासारखा दाबला जातोय, दोष हाताचा.

बोअरच्या जड पाण्यात आणखी एक कटकट. साबण आणि क्षार मिळून बुडाशी चिकट पांढरा थर धरतो, ब्रश ताठर होतो आणि फेस मरतो. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून केस दहा मिनिटं बुडवा आणि खळखळून धुवा. महिन्यातून एकदा पुरतं. फेसापुरतं अर्धा कप आरओचं पाणी घेतलं तर थर धरतच नाही.

टांगून ठेवायचा स्टँड विकत घ्यायची गरज नाही. झटकून, टॉवेलवर दोनदा पुसून उभा ठेवला तरी वाळतो, मात्र बाथरूमच्या बंद कपाटात नको. कोकणातल्या पावसाळ्यात चोवीस तासांत बूड सुकत नाही आणि कुबट वास धरतो. तिथे दोन छोटे ब्रश आलटून पालटून वापरणं एका महागड्या ब्रशपेक्षा स्वस्त पडतं. प्रवासात ओला ब्रश प्लॅस्टिकच्या नळीत बंद करायचाच असेल तर नळीला दोन-तीन भोकं पाडून घ्या आणि मुक्कामी पोचल्यावर आधी तो बाहेर काढा.