क्लिप काढा, एवढं म्हणालो असतो तर

मॉडेल विमानाचं जुनं इंजिन घेताना फसलो, त्याचा आकडा आधीच सांगून टाकतो. १५,९५० रुपये. त्यात आगाऊ ४,०००, उरलेले ७,८००, कुरिअर आणि विम्याचे म्हणून ९५०. राहिलेल्या ३,२०० ची लाज सगळ्यांत जास्त वाटते, ते पुढे येईल.

मी डिचोलीचा. मोटर मेकॅनिकच्या वर्गाला १९ वर्षं टू-स्ट्रोक इंजिनं शिकवतोय, आणि फसलो तेही टू-स्ट्रोकच्याच बाबतीत. हसायचं असेल तर हसून घ्या, घरचे सगळे हसून झालेत.

पावसाळाभर घरात बसून साठ इंची पंखांचं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं ट्रेनर (म्हणजे शिकाऊ हातांसाठीचं) मॉडेल विमान बांधलं. भाच्याचं निमित्त, हौस माझी. चवथीपर्यंत सांगाडा तयार. कापणी झाली की शेतं मोकळी होतात, तिथे उडवायचं ठरलं होतं. (मोपाचा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून पेडण्याकडच्या सड्यांवर विमान काढायची हिंमत होत नाही. काढूही नये.) इंजिन ४६ चं हवं होतं, म्हणजे ०.४६ घन इंच, साडेसात सीसी. ४० वरही ते उडालं असतं, पण गवतातून उचलायला जरा जास्त जोर बरा. सगळे म्हणत होते, विजेवरची ब्रशलेस मोटर आणि चार सेलची बॅटरी घाल, सुखी होशील. त्यांचं बरोबर होतं. मला इंधनातल्या जळालेल्या एरंडेलाचा वास हवा होता. नवं परवडेना, म्हणून जुनं शोधलं.

विकणारा बाहेरच्या राज्यातला. वडील वारले, त्यांचा संग्रह काढतोय, वगैरे. ही गोष्ट तुम्हीही कुठेतरी ऐकली असेल. १४,५०० वरून ११,८०० वर आला. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर भलतंच नाव होतं. म्हणे बायकोचं खातं. तेही चालवून घेतलं.

आता तो व्हिडिओ कॉल. रात्री झोप येत नाही ती या दोन मिनिटांमुळे.

मी म्हणालो, प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, हाताने हळू फिरवून दाखवा. तो हसला, "बोटं तोडायचीत का साहेब?" आणि इलेक्ट्रिक स्टार्टर लावून मोकळा झाला. मोडकळीला आलेलं इंजिनही स्टार्टर फिरवतो, हे मीच पोरांना सांगतो. इंजिन फुर्रर्र करून पेटलं, आवाज खणखणीत. पण ग्लो प्लगवरची (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवतो तो) बॅटरीची क्लिप शेवटपर्यंत जागेवर. लाल वायर हलताना दिसत होती, अजून डोळ्यांसमोर आहे. ग्लो प्लगला बॅटरी लागते ती फक्त सुरू करायला. नंतर प्लॅटिनमची तार मेथेनॉलच्या जळण्यावरच तापलेली राहते, आणि धड इंजिन क्लिप काढल्यावरही तसंच चालतं. झिजलेलं मात्र घरघरून बंद पडतं. "क्लिप काढा" एवढे दोनच शब्द बोलायचे होते. तेवढ्यात वीज गेली, मोबाईलची रेंज तुटायला लागली, आणि बेळगावचं दुसरं गिऱ्हाईक थांबलंय असं तो सारखा म्हणत होता. मी पिन टाकला.

पार्सल सहा दिवसांनी आलं. इथे मला दोष देण्याआधी ऐका. उघडल्याबरोबर प्रॉप लावून फिरवलं. पिस्टन वरच्या टोकाला आला की छान अडखळलं, कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या हवेचा जोर) दगडासारखं. खुश होऊन मी त्याला लिहिलं, "इंजिन मस्त, थँक यू." त्याच संध्याकाळी जादा पिस्टन-लायनरचा सेट (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) आणि सायलेन्सर स्वस्तात देतो म्हणाला, आणि मी ३,२०० पाठवले. ते सामान आजतागायत यायचंय.

दुसऱ्या दिवशी पेट्रोलने धुतलं. आतून गिअर ऑईलसारखा जाड, काळपट चिकटा निघाला आणि त्याच्याबरोबर कॉम्प्रेशनही वाहून गेलं. प्रॉप एका बोटाने गरागरा फिरू लागलं. मागच्या बेअरिंगमधून कुर्र कुर्र, फडक्यावर गंजाचा तांबडा डाग. फोन केला तर म्हणतो, "रिंगवालं आहे, सैलच लागतं." हेड खोललं. पिस्टनला रिंगच नाही! लायनरवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, नख अडकेल एवढे. त्यानंतर त्याचा फोन बंद.

जुनं इंजिन घेणार असाल तर आधी धुवा, मग फिरवा. आणि धुवून होईपर्यंत कोणाला थँक यू लिहू नका, कारण पोलीस ठाण्यात तेच वाचून दाखवलं गेलं. हवालदार म्हणाला, "माल पावलो न्हय? मागीर फटयलें कशें?" (माल मिळाला ना? मग फसवलं कसं?) दुसऱ्याने विचारलं, ड्रोनचा परवाना आहे का? म्हणजे तक्रार करायला गेलो तो मी, आणि कागद माझेच तपासायचे! तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. चौथ्या खेपेला सांगितलं की खातं दुसऱ्या राज्यातलं, तिथून उत्तर येईल तेव्हा कळवू. प्रत्येक वेळी स्टेटमेंटच्या नव्या झेरॉक्स, आधीच्या कुठे गेल्या देव जाणे. बँकेत मॅडमनी मान वर न करता ऐकवलं, पिन तुम्हीच टाकलात. अहो, मी कुठे नाही म्हणतोय? चोराच्या हातात किल्ली मीच दिली, कबूल आहे. म्हणून तो चोर राहत नाही का? अर्ज लिहून द्या म्हणाल्या, दिला, पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी रजेवर.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी नवव्या दिवशी फोन केला. तुम्ही त्याच तासाला करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. नऊ दिवस मी काय करत होतो? त्याच्या फोनची वाट बघत होतो.

म्हापशात दोन बेअरिंगं ६४० ला मिळाली. घातली, पण लायनर गेलेलं ते गेलेलंच. इंजिन आता वर्गातल्या टेबलावर असतं. झिजलेलं कसं ओळखायचं ते दाखवायला बरं पडतं. कुठून आणलं हे पोरांना सांगितलेलं नाही.

परवा ठाण्यातून फोन आला. हातातलं काम टाकून धावत बाहेर गेलो. तोच हवालदार. साहेबांच्या मुलाला उडणारं काहीतरी घ्यायचंय, कुठलं बरं, असं विचारत होता. माझ्या तक्रारीचं काय झालं म्हटलं तर म्हणाला, ती दुसऱ्या टेबलाकडे.