एआरएम64 लिनक्स: टॅग लावलेला पॉइंटर कर्नलला द्यायचा की नाही?

वरच्या बाइटमध्ये (बिट 56 ते 63) 0एक्स2ए हा टॅग (प्रोग्रामची स्वतःची खूण) ठेवलेल्या पॉइंटरने, म्हणजे मेमरीच्या पत्त्याने, प्रोग्राममध्ये बिनधास्त वाचा-लिहा. प्रोसेसर तो बाइट पाहतच नाही. तोच पॉइंटर राइट() या सिस्टम कॉलला (कर्नलकडे केलेल्या मागणीला) दिलात तर मात्र ईफॉल्ट, म्हणजे ‘पत्ता चुकीचा’ ही त्रुटी. गोंधळ होतो तो इथेच: हार्डवेअरची सूट कर्नलला आपोआप लागू होत नाही.

पहिला पर्याय, म्हणजे मूळ नियम: सिस्टम कॉलआधी टॅग पुसा. जुन्या कर्नलवरही चालतो, पण स्ट्रक्चरच्या आत दडलेला, उदाहरणार्थ आयओव्हेकमधला (बफरचा पत्ता आणि लांबी ठेवणारे स्ट्रक्चर), एखादा पॉइंटर हमखास सुटतो.

दुसरा, कर्नल 5.4 पासूनचा: पीआरसीटीएल() या सिस्टम कॉलने शिथिल नियम, म्हणजे कर्नलने टॅगसह पॉइंटर स्वीकारावा अशी मुभा, मागून घ्या. तो थ्रेडपुरता असतो. फोर्क, क्लोनमध्ये उतरतो, एक्झेकनंतर जातो. म्हणून थ्रेड निर्माण करण्याआधीच मागा आणि उत्तर तपासा, प्रशासकाने एबीआय.टॅग्ड_ॲडर_डिसेबल्ड हे कर्नल सेटिंग 1 केले असेल तर ईइनव्हॅल (अवैध मागणीची त्रुटी) मिळते. मेमरी मागणाऱ्या-हलवणाऱ्या कॉलपैकी ब्रेक(), एममॅप() चा पत्ता आणि एमरीमॅप() चा नवा पत्ता यांना तरीही टॅग चालत नाही.

नव्या ॲलोकेटरसाठी (प्रोग्रामला मेमरी वाटून देणाऱ्या कोडसाठी) मी दुसराच घेईन. सिग्नल हँडलरमधला एसआय_ॲडर (चूक झालेला पत्ता) मात्र दोन्हीकडे सहसा टॅगविनाच येतो. टॅग हवा तर 5.11 पासून हँडलर नोंदवताना एसए_एक्सपोज_टॅगबिट्स हा फ्लॅग लावा.