केळीच्या नावाचं डोमेन घ्यावं की पेढीच्या नावाचं?

रावेरचा केळी व्यापारी असो, नंदुरबारचा मिरचीवाला असो की जळगाव एमआयडीसीतला चटई कारखानदार, वेबसाइट करायची ठरली की पहिली अडचण नावाची, म्हणजे डोमेनची (साइटच्या पत्त्याची) येते. सल्ला देणारे तयारच असतात: "लोक गूगलवर जे टाकतात तेच नाव घ्या, आपोआप वर याल." २०१० साली या सल्ल्यात बऱ्यापैकी तथ्य होतं. आज तो ऐकून डोमेनवर जास्तीचे पैसे घालवू नयेत.

तुलनेसाठी एकच व्यवसाय धरू. रावेरची एक पेढी आहे, केळीचा घाऊक माल दिल्लीकडे पाठवते आणि आता निर्यातीचा विचार करते. पेढीचं नाव समजा 'हिरवी फणी'. तिच्यापुढे चार पर्याय आहेत: शोधाच्या शब्दांचंच डोमेन, म्हणजे शब्दजुळीचं नाव (रावेरकेळी डॉट कॉम), पेढीचं नाव (हिरवीफणी डॉट इन), दोन्हींची सांगड (हिरवीफणीकेळी डॉट कॉम) आणि देवनागरीतलं डॉट भारत. ही नावं फक्त उदाहरणादाखल आहेत.

गूगल डोमेनमधल्या शब्दांना किती किंमत देतं

शोधाशी तंतोतंत जुळणाऱ्या नावांचा एके काळी फायदा व्हायचा, याची कारणं दोन. एक, दुसऱ्या साइटवाले लिंक देताना सहसा डोमेनचंच नाव लिहितात. डोमेनच 'रावेरकेळी' असेल तर लिंकच्या मजकुरात 'रावेर' आणि 'केळी' हे शब्द फुकटात येतात, आणि लिंकच्या मजकुराला गूगल महत्त्व देत आलं आहे. दोन, कुणी 'रावेर केळी' असं शोधलं तर त्याला याच नावाची साइट हवी असेल, असा अंदाज गूगलचं यंत्र बांधायचं. या दोन्हींचा गैरफायदा इतका झाला की पाच ओळींच्या पोकळ साइटी पहिल्या पानावर दिसू लागल्या.

२८ सप्टेंबर २०१२ रोजी गूगलच्या मॅट कट्स यांनी ट्विटरवर जाहीर केलं की तंतोतंत जुळणाऱ्या नावांच्या, पण सुमार दर्जाच्या साइटी निकालांतून कमी होतील. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी सुमारे ०.६ टक्के शोधांवर त्याचा ठळक परिणाम होणार होता. आजही गूगलने जाहीर केलेल्या, निकालांचा क्रम लावणाऱ्या यंत्रणांच्या यादीत या प्रकारच्या डोमेनसाठी स्वतंत्र यंत्रणा आहे. तिचं काम एवढंच, की केवळ नाव जुळतं म्हणून जादा गुण मिळू नयेत. नवख्यांसाठी गूगलने केलेल्या मार्गदर्शिकेतही हेच सांगितलं आहे: डोमेनमधल्या किंवा पत्त्यातल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळपास काहीच परिणाम होत नाही, नाव धंद्याच्या सोयीने निवडा.

याचा अर्थ असं नाव घेतलं की शिक्षा होते, असा मात्र नाही. साइटवर दम असेल तर 'रावेरकेळी' हे नाव आड येत नाही, फक्त त्या नावाचा वेगळा बोनस मिळत नाही. काही शोधांत अशी डोमेन अजूनही वर दिसतात. ती बहुधा जुनी असतात आणि वर्षानुवर्षांच्या लिंका त्यांच्यामागे असतात. श्रेय मात्र नावाला जातं.

मुळात कुठला शब्द?

दिल्लीचा आडत्या 'जलगांव का केला' टाकेल. आखाती देशातला आयातदार इंग्रजीत केळी निर्यातदार शोधेल. स्थानिक माणूस 'केळी भाव आज रावेर' टाकेल, आणि त्याला माल नकोच असतो, दर हवा असतो. चौथा 'जी-नाईन केळी घाऊक' शोधेल. डोमेन यातल्या एकाच शोधाशी जुळणार. उरलेल्यांसाठी स्वतंत्र पानं करावीच लागतात, आणि ती केली की क्रम ती पानंच ठरवतात.

पानावर काय हवं? जात (ग्रँड नैन, म्हणजे व्यापाऱ्यांचं जी-नाईन), प्रत, पॅकिंग (क्रेट की तेरा किलोचा बॉक्स), कमीत कमी किती माल देता, रायपनिंग चेंबर (केळी पिकवायची खोली) आहे का, गाडी किती तासांत भरता, आणि निर्यातीसाठी अपेडा (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था) नोंदणी. पानाच्या शीर्षकात 'रावेरची केळी घाऊक दरात' असं सरळ लिहिलं तर जे काम डोमेनकडून करून घ्यायचं होतं ते इथे फुकट होतं. जाहिरात करणार असाल तर गूगल अॅड्समध्ये डोमेनपुढे पंधरा-पंधरा अक्षरांचे दोन तुकडे दाखवता येतात. तिथे 'केळी' आणि 'घाऊक' लिहा, डोमेन काहीही असो.

| मुद्दा | शब्दजुळीचं नाव | पेढीचं नाव | सांगड | डॉट भारत |
|---|---|---|---|---|
| क्रमवारीतला थेट फायदा | जवळपास शून्य | शून्य | जवळपास शून्य | शून्य |
| बघताच धंदा कळतो का | हो | नाही | हो | शब्दांवर अवलंबून |
| फोनवर सांगणं | स्पेलिंगचा घोळ | नाव सुटसुटीत असेल तर सोपं | लांबलचक | सोपं, टाइप करणं अवघड |
| ट्रेडमार्क | अवघड | शक्य | पेढीच्या नावापुरता शक्य | नावावर अवलंबून |
| धंदा वाढला तर | अडकतो | अडकत नाही | थोडा अडकतो | नावावर अवलंबून |

स्पेलिंग

मराठी शब्द रोमन लिपीत गेला की त्याचं एकच रूप राहत नाही, आणि शब्दजुळीचं डोमेन सर्वांत जास्त इथे फसतं. 'केळी' कुणी के-ई-एल-आय लिहितो, कुणी के-ई-एल-ई, कुणी शेवटी वाय लावतो. भरीत वांग्यातली 'वांगी' व्हीने की डब्ल्यूने? 'चटई'त टी एक की दोन? 'धुळे'चं तर जुनं इंग्रजी स्पेलिंगच वेगळं, शेवटी आय-ए असलेलं. तुम्ही एक रूप घेतलं की उरलेली शेजाऱ्याला मोकळी. सगळी विकत घ्यायची तर दरवर्षी सगळ्यांचं नूतनीकरण आलं.

डॅश टाकून वाट काढू नका. 'रावेर डॅश केळी डॉट कॉम' असं फोनवर सांगितलं की निम्मे लोक 'डॅश' हा शब्दच टाइप करतील.

तपासणी सोपी आहे. नाव तीन जणांना फोनवर एकदाच सांगा आणि व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा. तिघांचं स्पेलिंग एकसारखं आलं नाही तर ते नाव सोडा. हा नियम पेढीच्या नावालाही लागू. 'हिरवीफणी'तही आय की दोन ई, हा प्रश्न आहेच. पण स्वतःचं नाव बदलता येतं, केळीचं नाही.

डॉट भारतचं काय

देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. गूगल अशा डोमेनला इतरांसारखंच वागवतं, ना जास्त ना कमी. संगणकाच्या आत त्याचं एक्स-एन-डॅश-डॅशने सुरू होणारं रूप असतं आणि ही दोन्ही रूपं गूगल एकच मानतं, त्यामुळे त्यासाठी वेगळं रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर वळवणं) करावं लागत नाही. अडचण व्यवहारात येते. काही ठिकाणी पत्ता पेस्ट केला की तेच विचित्र रोमन रूप दिसतं आणि समोरच्याला ती फसवी लिंक वाटते. देवनागरी ईमेल पत्ता कित्येक ऑनलाइन फॉर्म घेतच नाहीत. मुख्य साइट रोमन नावावर ठेवून डॉट भारत तिकडे वळवावं, पाटीवर आणि टेम्पोच्या मागे ते शोभून दिसतं.

पानांच्या पत्त्यात देवनागरी चालते, पण कॉपी केल्यावर तिचं टक्केचिन्हांचं शेपूट होतं. 'केळी' एवढाच शब्द छत्तीस चिन्हांचा होतो. पत्ता रोमन आणि मजकूर मराठी ठेवला तर सोयीचं पडतं.

डॉट कॉम की डॉट इन? डॉट इन म्हणजे भारत, हा इशारा गूगल घेतं, पण तो किरकोळ आहे. माल देशातच जाणार असेल तर डॉट इन पुरेसं. निर्यात मुख्य असेल तर डॉट कॉम.

नावावर हक्क कुणाचा

१९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ नुसार मालाचा प्रकार, दर्जा किंवा मूळ ठिकाण नुसतं वर्णन करणाऱ्या नावाची नोंदणी सहसा होत नाही. 'रावेर केळी' हे तसंच नाव. त्यामुळे उद्या कुणी मधे 'ची' घालून 'रावेरचीकेळी' घेतलं तर त्याला अडवणं जड जाईल. याउलट, डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात मान्य केलं. 'हिरवी फणी'सारखं वेगळं नाव असेल तर या संरक्षणाचा उपयोग होतो.

जळगावची केळी आणि जळगावची भरीत वांगी यांना भौगोलिक मानांकन (जीआय) आहे. अशा मालाचं नाव डोमेनमध्ये आणि बॉक्सवर मिरवायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी. बाहेरचा माल त्या नावाखाली विकणं म्हणजे कोर्टाची पायरी ओढवून घेणं.

निकालात दिसणारं नाव

जानेवारी २०२५ पासून मोबाइलवरच्या गूगल निकालांत पूर्ण पत्त्याऐवजी फक्त डोमेन दिसतं. म्हणजे नाव नजरेत भरतं आणि क्लिक होण्यात त्याचा वाटा राहतो. शब्दजुळीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच: केळी हवी असलेल्याला 'केळी' दिसली की तो थबकतो.

पण त्याच ओळीच्या वर गूगल साइटचं नावही दाखवतं, आणि त्याच्या सूचनांत म्हटलं आहे की सर्वसामान्य वर्णनासारखं नाव सहसा स्वीकारलं जात नाही. 'हिरवी फणी' हे नाव मुखपृष्ठाच्या शीर्षकात आणि वेबसाइट प्रकारच्या स्ट्रक्चर्ड डेटात (गूगलला वाचता यावी म्हणून पानाच्या कोडमध्ये दिलेल्या माहितीत) सारखं ठेवलं तर ते तिथे झळकण्याची शक्यता जास्त. 'केळी' हा शब्द खाली पानाच्या शीर्षकात येतोच.

गूगल मॅप्सवरही हाच मोह होतो. बिझनेस प्रोफाइलमध्ये दुकानाच्या पाटीवर आहे तेच नाव लिहायचं असतं. 'हिरवी फणी: रावेर जळगाव सर्वोत्तम केळी' असं लिहिलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ते परत मिळवताना पाटीचे फोटो नि कागदपत्रं देत बसावं लागतं. केळीचा घाऊक विक्रेता ही ओळख श्रेणीच्या रकान्यात द्या.

शब्दजुळीचं नाव कधी घ्यावं

एकाच मालाची, एकाच हंगामाची, पुढे न वाढणारी साइट असेल तर. हिवाळ्यात भरताची वांगी विकायची आणि एरवी साइट शांत, अशासाठी ते चालतं. रोजचे बाजारभाव देणाऱ्या माहितीच्या साइटलाही चालतं, कारण तिथे विषय हीच ओळख असते. नेहमीच्या दरात मिळत असेल तर घ्या. जास्त दाम मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पेढीला मात्र ते अडचणीचं ठरतं. उद्या केळीचे वेफर्स काढले, परवा कोल्ड स्टोरेज घातलं, मग पपई आणि टरबूज आलं. 'रावेरकेळी'वर टरबूज विकणं म्हणजे सोनाराच्या पाटीखाली कापड मोजणं.

रावेर, यावल, चोपडा, भुसावळ अशी तालुकावार डोमेन घेऊन सगळीकडून एकाच साइटवर माणसं ओढायची, ही युक्ती तर अजिबात नको. गूगलच्या स्पॅम नियमांत तिला डोअरवे म्हणतात आणि तिच्यावर कारवाई होते. रिकामी डोमेन मुख्य साइटकडे वळवून ठेवण्यात गैर काही नाही, पण त्यातून क्रमही वाढत नाही.

जुनं, बंद पडलेलं डोमेन 'ताकदवान' म्हणून कुणी विकायला आणलं तर आधी वेबॅक मशीनवर (जुन्या साइटींच्या प्रती जपणाऱ्या साइटवर) त्याचा इतिहास पाहा. मार्च २०२४ पासून जुन्या डोमेनची पुण्याई वापरून वेगळाच माल खपवणं हा स्पॅमचा स्वतंत्र प्रकार धरला जातो. आधीच्या मालकावर मॅन्युअल ॲक्शन (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) झाली असेल तर ती डोमेनसोबत तुमच्याकडे येते. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) मालकी सिद्ध केल्यावरच ती दिसते, म्हणून व्यवहार पक्का होण्याआधी विकणाऱ्याकडून तिथला अहवाल मागा.

आधीच शब्दजुळीच्या नावावर असाल तर

साइट नीट चालत असेल तर नुसत्या क्रमवारीच्या आशेने नाव बदलू नका. नवं नाव पेढीसाठी हवंच असेल तर बदल मंदीच्या महिन्यांत करा, कारण काही आठवडे क्रम वरखाली होतो. जुन्या साइटचं प्रत्येक पान नव्या साइटच्या त्याच पानाकडे ३०१ ने (कायमच्या रीडायरेक्टने) वळवा. सगळी पानं मुखपृष्ठावर ढकलली की इतकी वर्षं जमलेलं बरंच वाया जातं. डोमेन विकणाऱ्यांच्या पॅनेलमध्ये 'मास्किंगसह फॉरवर्डिंग' नावाचा पर्याय असतो, तो वापरू नका. त्यात नवी साइट जुन्या पत्त्याच्या चौकटीत दिसते आणि गूगलपर्यंत बदल पोहोचतच नाही. मग सर्च कन्सोलमध्ये पत्ताबदलाची सूचना द्या. रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवावेत असं गूगल सांगतं, पण जुनं नाव पुढेही सोडू नये. ते सुटलं की कुणीही घेतं, आणि तुमच्या जुन्या बिलांवरचा पत्ता त्याचा होतो.

ईमेल विसरला जातो. जुन्या डोमेनचे एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोहोचवायचे ते सांगणाऱ्या नोंदी) काढून टाकले तर नेहमीच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर परत जाते आणि तुम्हाला कळतही नाही. दोन्ही पत्ते एकाच पेटीत येतील असं करून ठेवा.

नाव कुठलंही घ्या, नोंदणी साइट बनवणाऱ्या पोराच्या ईमेलवर होऊ देऊ नका. नोंदणीत पेढीचं नाव, मालकाचा मोबाइल आणि पेढीचा ईमेल हवा, खात्याचा पासवर्ड मालकाकडे हवा आणि नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय हवी. तो पोरगा उद्या पुण्याला नोकरीला गेला आणि मुदत संपल्याचे मेल त्याच्याच पेटीत साचत राहिले, तर डोमेन हातून जातं. तेव्हा ते केळीच्या नावाचं होतं की पेढीच्या, याला काही अर्थ उरत नाही.