बस्ता कुठे फाडावा? परतवाडा, अमरावती आणि नागपूर या तीन बाजारांचा अनुभव

धाकट्या मुलीचे लग्न गेल्या वैशाखात पार पडले आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत बस्ता, आहेर आणि आंदणाच्या निमित्ताने परतवाडा, अमरावती आणि नागपूर हे तिन्ही बाजार मला पायाखाली घालावे लागले. आमचे गाव अचलपूर तालुक्यातले. परतवाडा काळी-पिवळीने अर्ध्या तासावर आहे आणि आमच्या घरची सासूबाईंच्या काळापासूनची खरेदी तिथेच होत आली आहे. तरीही हल्ली गावात लग्न जुळले, की बस्ता अमरावतीला फाडायचा हे कोणी न विचारताच ठरते. ज्यांच्या संत्र्याला त्या वर्षी बरा भाव मिळालेला असतो, ते नागपूरचे नाव काढतात. परतवाड्यात बस्ता फाडला असे पाहुण्यांपुढे सांगणे कमीपणाचे मानले जाऊ लागले आहे आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते. मी तिन्हीकडे पैसे मोजले आहेत आणि तिन्हीकडचे कापड त्यानंतर नेसून, धुऊन, वाटून पाहिले आहे. म्हणून ज्यांच्या घरी येत्या हंगामात कार्य आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात अमरावतीपासून करते, कारण आमचीही तिथूनच झाली. आसेगाव, वलगाव करत जाणारा हा रस्ता जेमतेम 50 किलोमीटरचा. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले आणि तेव्हापासून आमच्या भागातल्या बायकांना अमरावती एकदम जवळची वाटू लागली. पूर्वी घरातली एक कर्ती बाई आणि दोन पुरुष मिळून जी खरेदी उरकत, तिला आता जावा, नणंदा, मावश्या अशा आठ-दहा जणी मिळून जातात. परतवाड्याचे गिऱ्हाईक कोणत्याही जाहिरातीने पळवले नसेल इतके या अर्ध्या तिकिटाने पळवले, असे माझे मत आहे. या सवलतीबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यामुळेच मी स्वतः चार फेऱ्या करू शकले.

जवाहर गेटच्या आतली जुनी बाजारपेठ आणि नागपूर रस्त्यावर नांदगाव पेठच्या बाजूला उभी राहिलेली ठोक कापडाची संकुले, असे अमरावतीच्या कापडबाजाराचे आता दोन भाग झाले आहेत. आम्ही दोन्हीकडे गेलो. निवड म्हणाल तर तिला तोड नाही. एका दुकानात शालूंचाच एक मजला होता. नवरदेवाची शेरवानी, फेटा आणि मोजडी एकाच छपराखाली मिळाली आणि अंगावर घालून पाहायला स्वतंत्र खोली होती. जावईबापूंना शेरवानी खांद्यात घट्ट होत होती, ती तिथल्याच कारागिराने तासाभरात उसवून सैल करून दिली. प्यायला थंड पाणी, म्हाताऱ्यांना बसायला खुर्च्या आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह या तीन गोष्टी दिवसभराच्या खरेदीत किती मोलाच्या असतात, हे ज्या बाईने सकाळी आठला घर सोडले आहे तिलाच कळते. नवरदेवाच्या कपड्यांसाठी मी आजही अमरावतीच सुचवेन.

आहेराच्या साड्यांचा अनुभव मात्र वाईट आला. एका ठोक दुकानातून मी 30 साड्यांचा गठ्ठा घेतला. वरच्या चार-पाच साड्या उलगडून दाखवल्या गेल्या, बाकीच्या घड्या तशाच बांधल्या गेल्या आणि मागे दुसऱ्या वऱ्हाडाची गर्दी असल्यामुळे आम्हीही फार ताणून धरले नाही. घरी येऊन एकेक घडी मोडली तेव्हा चार साड्यांना ब्लाउजपीसच नव्हता आणि एकीच्या काठालगत हातभर धागा निसटलेला होता. पावती घेऊन मी दुसऱ्या आठवड्यात परत गेले. ज्याने माल दाखवला तो मुलगा त्या दिवशी नव्हता, गल्ल्यावरच्या गृहस्थांनी मान वर न करता ठोकचा माल बदलून मिळत नाही असे सांगितले आणि त्या एका वाक्यासाठी माझा पूर्ण दिवस गेला. दुकानाचे नाव मी इथे घेत नाही. पण त्या मोठ्या बाजारात आपले तोंड कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि आहेराच्या खरेदीत हीच गोष्ट नडते. आहेराची साडी आपण स्वतः नेसत नाही, ती नातेवाइकाच्या हाती द्यायची असते. तिच्यात निघालेली खोट वर्षानुवर्षे आपल्या नावावर राहते.

नागपूरला आम्ही एकदाच गेलो आणि तेही एका साडीसाठी. माझ्या आईकडे करवतकाठी साडी होती, आणि मुलीची फार इच्छा होती की सीमांतपूजनाला तशीच नेसावी. ही आपल्या विदर्भाची साडी आहे. अंग टसर रेशमाचे, काठ सुती, आणि त्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगावकडचे विणकर ती हातमागावर, आडवा धागा नेणाऱ्या तीन धोट्यांनी विणतात, त्यामुळे काठाचा आणि अंगाचा रंग एकमेकांत मिसळत नाही. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. परतवाड्यात ती एकाही दुकानात नव्हती आणि अमरावतीत जे दाखवले गेले ते करवतीच्या काठाचे छापील नक्कल कापड होते. गणेशपेठच्या बसस्थानकाजवळून आम्ही मेट्रोने चितारओळीला गेलो आणि तिथून पायी गांधीबागेच्या कापडबाजारात शिरलो. तिसऱ्या दुकानात हवी ती साडी मिळाली. दुकानदाराने साडी उलटी करून काठ आणि अंग जिथे एकमेकांत गुंतवलेले असते तो जोड बोटाने दाखवला. छापील कापडात तिथे जोड नसतोच, ही खूण मला तिथे प्रथम कळली. साडेसात हजार मोजले आणि त्याचे यत्किंचितही वाईट वाटले नाही. इतर खरेदीसाठी नागपूर गाठण्यात मात्र मला अर्थ दिसला नाही. जाण्यायेण्यात आठ तास जातात, इतवारीच्या गल्ल्यांत नव्या माणसाला दिशा सुचत नाही आणि जो शालू तिथे पाहिला तोच थोड्या कमी किमतीत अमरावतीत पाहिलेला होता.

आता परतवाड्याविषयी. अचलपूर आणि परतवाडा ही जोडशहरे एकाच नगरपरिषदेत येतात आणि 2011 च्या जनगणनेत दोन्ही मिळून लोकसंख्या एक लाख बारा हजारांच्या आसपास होती. त्याच जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या जवळ आणि नागपूर चोवीस लाखांच्या घरात होते. आकड्यांत बरोबरी नाहीच. पण 1490 मध्ये इमादशाहीने वऱ्हाडात स्वतंत्र सत्ता उभी केली तेव्हा तिची राजधानी अचलपूर होती, हे आमच्या मुलांना सांगावे लागते. पुढे 1867 मध्ये मुंबईची रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली, कापसाचा व्यापार त्या रुळांमागे गेला आणि अमरावती वाढत गेली. आमच्या वाट्याला मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला ही लहान रुळांची गाडी आली, तीही आता बंद आहे. अचलपूरची फिनले मिल 2020 च्या टाळेबंदीत थांबली, तेव्हापासून तर गावात कापड विणले जाण्याचा आवाजही उरला नाही. परतवाड्याचा कापडबाजार आज पूर्णपणे बाहेरून येणाऱ्या मालावर उभा आहे, हे मान्य करूनच त्याचे मोल ठरवले पाहिजे.

अमरावतीहून हात हलवत परतल्यावर मी परतवाड्यात आमच्या जुन्या दुकानात गेले. तीन गाळ्यांचे दुकान, आत पांढरी गादी, भिंतीला लोड. आम्ही गादीवर बसलो, पाणी आले, चहा आला आणि माल दाखवण्याआधी दुकानदारांनी विचारले, “काकू, कोनाकोनाले द्याच्या हाय साड्या? नाती सांगा, म्हंजे मी तसा माल काढतो.” अमरावतीच्या गर्दीत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. मी नाती सांगत गेले आणि ते तीन वेगळे ढीग लावत गेले: विहिणीकडच्या मानाच्या, जवळच्या जावा-नणंदांच्या आणि गावातल्या भावकीच्या. प्रत्येक साडी त्यांनी पूर्ण उलगडली, ब्लाउजपीस आहे की नाही ते दाखवले आणि मगच घडी घातली. विहिणीची जांभळी साडी मी दिव्याखाली पसंत केली होती. ती त्यांनी माझ्या हातातून घेतली, उठून दुकानाच्या पायरीवर नेली आणि उन्हात धरली. “रंग उनात पाहा, लाइटात नोका पाहू.” उन्हात ती जांभळी राहिली नाही, तांबूस दिसू लागली, आणि मी ती बाजूला ठेवून दुसरी घेतली. ती साडी खपल्यातच जमा होती, त्यांनी सांगितले नसते तरी चालले असते.

मोजून लागत होत्या त्यापेक्षा सहा साड्या त्यांनी जास्त बांधून दिल्या आणि उरतील त्या लग्नानंतर परत आणायला सांगितले. चार उरल्या, त्या मी ज्येष्ठात नेऊन दिल्या आणि त्यांनी घडी तपासून खात्यातून रक्कम वजा केली. पैशांचेही तसेच. आमचा संत्र्याच्या मृग बहाराचा माल उतरायला उशीर झाला होता. मी निम्मे पैसे दिले आणि बाकीचे व्यापाऱ्याकडून चुकारा आल्यावर महिनाभराने चुकते केले, त्यावर त्यांनी एक रुपयाही जास्त लावला नाही. फॉल-बिडिंगचे काम करणारी बाई दुकानामागच्याच गल्लीत राहते. लग्नाच्या आदल्या दिवशी एका साडीचा फॉल राहिल्याचे लक्षात आले, तेव्हा फोन केला आणि संध्याकाळच्या काळी-पिवळीच्या चालकाच्या हाती साडी तयार होऊन आली. अमरावतीत हे शक्य झाले नसते, कारण तिथे मी कोणालाच ओळखत नाही.

दोषही स्पष्ट सांगते, कारण ते सुधारावेत अशी मनापासून इच्छा आहे. शालूंमध्ये निवड फार कमी आहे. पाच दुकाने फिरूनही तेच आठ-दहा नमुने समोर येतात. नवरदेवाच्या कपड्यांचा माल दोन वर्षे मागचा वाटला आणि अंगावर घालून पाहायला आडोसा म्हणून पडदा तेवढा होता. किमती आहेराच्या साड्यांत अमरावतीच्या ठोक भावापेक्षा नगामागे 20 ते 40 रुपयांनी जास्त पडल्या. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे बाजारात बायकांसाठी नीट स्वच्छतागृह मला सापडले नाही. दोन्ही दिवशी आम्हाला दुकानदारांच्या घरी जावे लागले. त्यांनी आपुलकीने दार उघडले, पण ज्या बाईची अशी ओळख नाही तिने काय करावे? तरुण सुना परतवाडा टाळतात त्यामागे कापडापेक्षा हे कारण मोठे आहे, असे मला त्यांच्याशी बोलून वाटले आहे.

एका खरेदीत मात्र परतवाडा अमरावती आणि नागपूर या दोघांच्याही पुढे आहे, आणि ती म्हणजे आंदणाचे लाकडी सामान. मेळघाटच्या जंगलातले सागवान परतवाड्याच्या वनविभागाच्या आगारात येते, तिथे त्याचा लिलाव होतो आणि त्या आधारावर गावात सुतारकाम करणारी कितीतरी घरे उभी आहेत. मोठ्या शहरांतल्या दालनांत चकचकीत पलंग मिळतात, पण आत भुशाच्या दाबलेल्या फळ्या असतात आणि त्या पाच पावसाळ्यांत फुगतात, हा थोरल्या मुलीच्या वेळचा आमचा अनुभव. या वेळी मी दिवाण आणि कपाट परतवाड्यातल्या सुताराकडून करून घेतले. त्यांनी आधी लिलावाच्या लाकडाची पावती दाखवली, मग ओंडक्याच्या तोंडावरचा हातोड्याचा शिक्का दाखवला आणि फळीचा मधला गाभा कोणता व कडेचा पांढरा भाग कोणता ते समजावले. पांढऱ्या भागाला कीड लागते म्हणून तो त्यांनी दिवाणात येऊ दिला नाही. विसार देऊन 25 दिवस थांबावे लागले आणि सांगितलेल्या तारखेपेक्षा चार दिवस उशीरही झाला.

आषाढात मुलीच्या सासरहून, दर्यापूरहून, फोन आला की दिवाणाचा खालचा खण अडकतो आहे. मी सुतारांना कळवले. पाऊस उघडल्यावर ते रंधा घेऊन अंजनगावमार्गे बसने दर्यापूरला गेले, खण बाहेर काढून कडेला रंध्याचे तीन-चार हात मारले, मेण घासले आणि दहा वेळा आत-बाहेर सरकवून पाहिला. मुलीने जेवू घातले, बसभाड्याचे पैसे दिले. मजुरी त्यांनी घेतली नाही.