काँग की स्नफल मॅट: पावसाळ्यात फ्लॅटमधल्या कुत्र्यासाठी काय घ्यावं?

जून लागला की घरी कुत्रं असलेल्या सगळ्यांना एकच प्रश्न पडतो, याला आता घरात गुंतवायचं कशात? आमच्या खारघरला पाऊस डोंगराला टेकलेलाच असतो, एकदा लागला की थांबायचं नाव घेत नाही. त्यात साचलेल्या पाण्यातून फिरवायचं म्हणजे लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) भीती, म्हणून सूसू-पॉटी उरकायची आणि सरळ वर यायचं. लेप्टोची लस दरवर्षी द्याच, पण लस दिली म्हणून डबक्यात सोडू नका. हॉलमध्ये बॉल खेळवणं मी पर्यायात धरतच नाही, कारण टाइल्सवर पाय सटकतात आणि लॅबसारख्या (लॅब्रॅडॉर) जड कुत्र्याच्या सांध्यांना ते अजिबात बरं नाही.

मग राहतात दोन गोष्टी, काँग, म्हणजे आत खाणं भरायचं पोकळ रबरी खेळणं, आणि स्नफल मॅट, म्हणजे जिच्यात खाणं लपवायचं ती कापडी पट्ट्यांची मॅट. आमच्या गोट्यासाठी, म्हणजे आमच्या लॅबसाठी, दोन्ही वापरून झाल्यात.

आधी मॅटबद्दल चांगलं बोलतो, कारण ती खरंच चांगली आहे. कुत्र्याच्या नाकात वास टिपणारे रिसेप्टर ३० कोटींपर्यंत असतात असं म्हणतात, आपले जेमतेम ५०-६० लाख, त्यामुळे हुंगून शोधणं हा त्यांच्यासाठी डोक्याचाच व्यायाम आहे. गोट्या मॅटवर बसला की आधी पट्ट्यांत नाक खुपसून जोरात फुंकर मारतो, मग एकेक किबल (कोरड्या डॉग फूडचा दाणा) ओठांनी अलगद उचलतो, आणि शेवटचे दोन-चार दाणे तळाशी अडकले की जीभ घालून घालून ते काढतो. झाल्यावर जो झोपतो ना, तो लांब फिरून आल्यासारखा झोपतो.

पण गोम त्या जिभेतच आहे. लाळेने मॅट खालपर्यंत भिजते, मग धुवावी लागते, आणि जुलैत ती वाळत नाही म्हणजे नाहीच. मशीनमध्ये पिळून काढा, रात्रभर पंख्याखाली टाका, वरच्या पट्ट्या सुकल्यासारख्या वाटतात पण बोटाने मुळाशी दाबलं की गार ओल लागते, आणि दुसऱ्या दिवशी तिला ओल्या पायपुसण्यासारखा कुबट वास यायला लागतो. त्यात पुन्हा किबल टाकायचं म्हणजे बुरशीची भीती आणि लॅबचं पोट बिघडायला फार वेळ लागत नाही. ज्या चार महिन्यांत मॅटची खरी गरज, नेमके तेच चार महिने ती दोरीवर लटकलेली. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. तुमच्याकडे ड्रायर असेल किंवा कुत्र्याला फारशी लाळ गळत नसेल तर तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, हे मान्य.

काँगचं तसं नाही. मुळात तो निघाला तोच दणकट चावणाऱ्या कुत्र्यामुळे. कोलोरॅडोतल्या ज्यो मार्कहॅमचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात खराब करून घेत होता, गाडी दुरुस्त करताना फोक्सवॅगनचा एक रबरी पार्ट त्याच्या हाती, म्हणजे तोंडी, लागला आणि त्याने दगड सोडले. गरम पाणी, बाटलीचा ब्रश, पुसून ठेवला की पावसातसुद्धा लगेच कोरडा. मी दहीभात, उकडलेला लाल भोपळा किंवा रताळं भरतो आणि रात्री फ्रीजरला टाकतो. गोठलेला असला की गोट्या दोन्ही पंज्यांत धरून शांतपणे चाटत बसतो, तेवढ्यात माझे ऑफिसचे कॉल होतात.

त्रास याचाही आहे. सांडलेल्या भाताला मुंग्या येतात, म्हणून आम्ही तो जुन्या परातीत देतो. फ्रीजरमध्ये ठेवायला आईचा सुरुवातीला ठाम नकार होता, वेगळा झाकणाचा डबा आणल्यावर आणि आत फक्त शाकाहारी भरणार असं कबूल केल्यावर ती तयार झाली, आता भोपळा तीच उकडून देते. पीनट बटर लावणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) लिहिलेलं नाही ना ते वाचूनच घ्या, कुत्र्यांना ते विषच आहे, आणि मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट कशातच नको. भरलेलं सगळं रोजच्या जेवणातून वजा करा नाहीतर लॅब फुगतो.

म्हातारं कुत्रं असेल, दात दुखत असतील तर मात्र मी मॅटच घ्या म्हणेन. उलट कापड खायची सवय असलेल्याला मॅट नकोच. काँग घेताना साइज मोठीच बघा, पूर्ण तोंडात जाता कामा नये, आणि फार जोरात चावणाऱ्यासाठी लाल सोडून जास्त कडक रबराचा काळा घ्या. पहिल्यांदा न गोठवता, सैलसर भरून द्या, नाहीतर काही निघत नाही म्हणून तो कंटाळून सोडून देईल. हुंगण्याची हौस राहून जाते असं वाटलं तर जुन्या पंच्यात किबल गुंडाळून द्या, पंचा निदान फॅनखाली रात्रीत वाळतो. आमची मॅट आता कपाटात आहे, दिवाळीनंतर काढू.